छप्पर गळतंय, मालक डोंबिवलीत: दुरुस्ती कोणी करायची?

या वेळचं पत्र रत्नागिरीतून आलंय. थोडं छोटं करून देते.

"नमस्कार ताई, आम्ही मूळचे सांगलीकडचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून रत्नागिरीत आहोत, मी एका खाजगी शाळेत शिकवते. शहरातल्या एका जुन्या आळीत कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतलाय. दुसऱ्या अर्ध्यात मालकांची आई एकट्या राहतात, आम्ही त्यांना आजी म्हणतो, खूप मायेने वागतात. मालक डोंबिवलीला असतात. भाडं 6 हजार, डिपॉझिट 20 हजार, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे पण नुसता नोटरी केलेला, रजिस्टर नाही.

मे महिन्यात माकडांनी आमच्या बाजूची बरीच कौलं फोडली, तेव्हाच मालकांना फोन केला, ते म्हणाले बघतो. जूनपासून आतली खोली गळतेय, आता तर पाच-सहा ठिकाणी बादल्या लावून झोपतो, भिंतीला ओल उतरलीय आणि स्विचबोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. मिस्त्री म्हणाला तात्पुरतं साडेचार हजारात करून देतो, पण वासे-रीपा कुजल्यात, पूर्ण काम करायचं तर 38 हजार. मालक म्हणतात माकडांनी केलंय त्याला मी काय करू, तुम्ही राहताय तर तुम्ही बघा, करारात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' असं लिहिलंय. त्यातच विहिरीवरचा पंप जळलाय, तो आजी आणि आम्ही दोघं वापरतो, आणि संडासाची टाकीपण भरलीय. फार बोललं तर म्हणतात, जमत नसेल तर खोली सोडा. मिस्टर म्हणतात पुढच्या महिन्यापासून भाडंच बंद करायचं, आणि पुढच्या पडवीला स्वतःच पत्रे टाकून घ्यायचे. मला आजींशी वाकडं घ्यायचं नाहीये. काय करू?"

सगळ्यात आधी तो स्विचबोर्ड. बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. झिणझिण्या येतायत म्हणजे ओल वायरिंगपर्यंत पोचलीय आणि अर्थिंग नीट नाही, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून अशा बोर्डाला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे वाचल्या वाचल्या त्या खोलीची लाईन मेनमधून बंद करा, फ्यूज काढून ठेवा, मुलं असतील तर त्यांना त्या खोलीत जाऊच देऊ नका. उद्याच्या उद्या लायसन्स असलेला वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी बसवून घ्या, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात, 30 मिलिअँपिअरचा मागा, करंट गळायला लागला की तो आपोआप लाईन तोडतो. मीटरपर्यंत काही बिघाड असेल तर तो महावितरणचा, 1912 ला फोन करून तक्रार नोंदवा, मीटरच्या पुढचं वायरिंग मात्र घराचं. हा खर्च शेवटी कोणी द्यायचा ते पुढे बघू पण आज तुम्ही द्या, बिल घ्या, आणि बोर्डाचे, भिंतीचे फोटो काम करायच्या आधी काढून ठेवा. पैशाचा वाद नंतर सहा महिने घालता येतो.

आता छप्पर. यात माझ्या मनात अजिबात शंका नाही, छप्पर मालकाचंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे की भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर घर राहण्यालायक ठेवणं, त्याची दुरुस्ती करणं ही मालकाची जबाबदारी आहे. आणि 'किरकोळ दुरुस्ती' या वाक्यावर ते जे बोट ठेवतायत ना, त्यांनाच विचारा, 38 हजारांचं काम, ज्यात वासे आणि रीपा बदलायच्यात, ते कुठल्या हिशोबाने किरकोळ? किरकोळ म्हणजे नळाचा वायसर गेला, बटण तुटलं, कडी-कोयंडा निखळला, खिडकीची काच फुटली, मोरीत कचरा अडकला. केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा जो मसुदा राज्यांना दिला, त्यात कोणी काय दुरुस्त करायचं याची यादीच आहे, तिथेही अशी वाटणी आहे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइपलाइन बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाकडे, आणि नळ, बटणं, सॉकेट, गिझर, कुलपं, काचा, तुंबलेली गटारं हे राहणाऱ्याकडे. तो मसुदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय कायदा म्हणून लागू होत नाही आणि आपल्याकडे 1999 चाच कायदा चालतो, पण किरकोळ कशाला म्हणायचं यावर वाद घालायची वेळ आली तर ही यादी समोर ठेवायला फार उपयोगी आहे, मी तर म्हणते प्रिंट काढूनच ठेवा.

माकडांचा मुद्दा. हा युक्तिवाद मी आतापर्यंत राजापूरपासून दापोलीपर्यंतच्या वाचकांच्या पत्रांत वाचलाय आणि दर वेळी राग येतो. माकडं काय तुम्ही पाळलेली नाहीत. तुमच्या हातून, तुमच्या पाहुण्यांच्या हातून किंवा निष्काळजीपणाने काही मोडलं असतं तर ते तुमच्या अंगावर आलं असतं, बरोबरच आहे. पण माकडं, वारा, झाडाची फांदी, नारळाची झावळी, जुनेपणाने कुजलेलं लाकूड, यातलं काही तुमच्यामुळे झालेलं नाही. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम 108 मध्येही हेच तत्त्व आहे की राहणाऱ्याने घर मिळालं त्या स्थितीत परत करायचं, पण रोजच्या वापराने झालेली झीज आणि ज्याच्यापुढे माणसाचं काही चालत नाही अशा कारणाने झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं. आणि त्याच कलमात तुमचंही एक कर्तव्य आहे जे बरेच भाडेकरू विसरतात, की घरावर कोणी दावा लावलाय, कोणी अतिक्रमण करतंय, तर मालकाला वेळेत कळवायचं. छपराबद्दलही तुम्ही मे महिन्यातच फोन केलात हे फार चांगलं केलंत. फोनचा पुरावा राहत नाही एवढंच, म्हणून आत्ता लगेच एक व्हॉट्सॲप मेसेज टाका, "मे महिन्यात आपलं कौलांबद्दल फोनवर बोलणं झालं होतं, आपण बघतो म्हणाला होतात, आता परिस्थिती अशी आहे", सोबत फोटो आणि गळती चालू असतानाचा छोटा व्हिडिओ. ते उत्तरात काहीही म्हणाले तरी, अगदी "माकडांना मी काय करू" असं म्हणाले तरी, मे महिन्यात त्यांना माहीत होतं हे त्यांच्याच तोंडून येतं.

आपल्या भागात या विषयाला एक गोष्ट चिकटलेली आहे जी मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला नसते, ती म्हणजे आगोट, पावसाळा सुरू व्हायचा काळ. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे कौलारू घराची शाकारणी, फुटलेली कौलं बदलणं, पन्हळी साफ करणं, माडाच्या झावळ्या उतरवणं हे सगळं मे अखेरपर्यंत झालं तर झालं, एकदा पाऊस लागला की मिस्त्री छपरावर चढायला तयार होत नाही आणि त्याने चढूही नये, शेवाळलेल्या ओल्या कौलावर पाय ठेवला की माणूसही घसरतो आणि चांगली कौलंही फुटतात. म्हणजे मालकाने मेमध्ये "बघतो" म्हणून जे दोन आठवडे घालवले ते नुसते दोन आठवडे नाहीत, त्यांनी पूर्ण पावसाळा घालवला. तेव्हा फुटकी कौलं बदलून भागलं असतं. आता पाणी वाशांवर मुरतंय, कुजकं लाकूड आणि वाळवी म्हटल्यावर दिवाळीपर्यंत तो 38 हजारांचा आकडाही राहील का याची मला खात्री वाटत नाही. हे मालकांना समजावून सांगा, भांडून नाही, कारण हे घर त्यांचं आहे आणि कुजतंय तेही त्यांचंच, शिवाय त्याच आढ्याखाली त्यांची आई झोपते.

म्हणून कामाचे दोन भाग करा. आत्ता, उघडीप मिळेल त्या दिवशी, मिस्त्रीकडून ते साडेचार हजारांचं तात्पुरतं काम, म्हणजे शिडीवरून पोचतील तेवढी कौलं बदलणं आणि बाकीच्यावर ताडपत्री नीट बांधून घेणं, नुसती दगड ठेवून नाही, वाऱ्याने उडते. आणि पूर्ण काम, कौलं उतरवून, वासे-रीपा बदलून परत बसवायचं, ते पाऊस संपल्यावर, पण त्याची तारीख आत्ता लेखी घ्यायची. नोव्हेंबर ते एप्रिल. "पुढच्या मे महिन्यात बघू" ही तारीख स्वीकारू नका, मे महिन्यात सगळ्या गावाला मिस्त्री हवा असतो, आंब्याच्या कामामुळे गडी मिळत नाहीत आणि मग परत तेच होतं.

आता भाडं बंद करायचं का. नाही. मिस्टरांना सांगा, राग समजतो पण हे करू नका. भाडं नियमित देणारा भाडेकरू ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, ती स्वतःच्या हाताने घालवू नका, ज्या दिवशी तुम्ही भाडं थांबवाल त्या दिवसापासून छपराचा विषय बाजूला पडेल आणि मालक सगळ्यांना सांगत फिरतील की भाडं थकवलंय. भाडं ऑनलाइन द्या म्हणजे नोंद राहते, रोख देत असाल तर पावती मागा, पावती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

भाडं बंद करणं वेगळं आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करणं वेगळं, आणि दुसऱ्याला कायद्यात रस्ता आहे. कलम 14 असं सांगतं की मालकाला कमीत कमी 15 दिवसांची नोटीस द्या, तरी वाजवी वेळेत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं 72 हजार, म्हणजे मर्यादा 18 हजार. तात्पुरतं छप्पर आणि वायरिंग यात आरामात बसेल, 38 हजार बसणार नाहीत, त्यामुळे मोठ्या कामात स्वतःचे पैसे मुळीच घालू नका, ते मालकाकडूनच व्हायला हवं. खर्चाचा हिशोब आणि बिलं नीट ठेवा, या कलमाखाली भाडेकरूने ठेवलेला हिशोब आणि व्हाउचर हाच खर्चाचा पुरावा मानला जातो. आपल्याकडचे मिस्त्री बिल देत नाहीत, मग साध्या कागदावर काम काय, मजुरी किती, कौलं किती, तारीख, असं लिहून त्यांची सही घ्या आणि पैसे शक्यतो ऑनलाइन द्या. कौलाच्या दुकानाचं बिल मात्र पक्कं घ्या.

नोटीस म्हणजे वकिलाचीच लागते असं काही नाही. साध्या मराठीत, एका पानात लिहा. घराचा पत्ता, तुम्ही कधीपासून राहता, भाडं किती तारखेपर्यंत भरलेलं आहे (हे वाक्य नक्की घाला), कुठली खोली कधीपासून गळतेय, मे महिन्यात कळवलं होतं, स्विचबोर्डात करंट येतोय त्यामुळे जिवाला धोका आहे, मिस्त्रीचा अंदाज सोबत जोडलाय, पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, न केल्यास कलम 14 प्रमाणे आम्ही आवश्यक तेवढी दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू. तारीख, दोघांच्या सह्या, डोंबिवलीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती आणि डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तोच कागद व्हॉट्सॲपवरही टाका. भाषा अगदी साधी ठेवा, रागाचा एक शब्दही नको, हे पत्र उद्या कोणी तिसऱ्या माणसाने वाचलं तर तुमची बाजू शांत आणि सरळ दिसायला हवी.

इथे एक अडचण आहे ती लपवत नाही. कलम 14 भाडेकरूबद्दल बोलतं, आणि तुमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा आहे, ज्यात कायद्याच्या नजरेत तुम्ही भाडेकरू नसून परवानगीने राहणारे असता. मालकाने वकील गाठला तर वकील पहिल्यांदा हेच काढेल. पण दुसरं पारडंही बघा. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे असा करार, भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी आणि रजिस्टर केलेलाच हवा, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रजिस्टर करार नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे जे नोटरीचं वाक्य ते नाचवतायत, ते ज्या कागदावर आहे तो कागद रजिस्टरच झालेला नाही. हे त्यांना धमकी म्हणून ऐकवू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. कलम 14 वर एकट्यावर विसंबण्यापेक्षा पैसे कापायच्या आधी व्हॉट्सॲपवर त्यांचा होकार मिळवायचा प्रयत्न करा, "साडेचार हजार आणि वायरिंगचे इतके, दोन महिन्यांच्या भाड्यातून ॲडजस्ट करते, चालेल ना?" एवढं विचारा. दहातले बरेच मालक स्वतःच्या खिशातून पैसे पाठवायचे नसले की याला हो म्हणतात, आणि तो एक "ओके" तुम्हाला कलमांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

(जे वाचक ग्रामपंचायत हद्दीत राहतात त्यांच्यासाठी: भाडे नियंत्रण कायदा ठरावीक क्षेत्रांनाच लागू आहे, मुख्यतः शहरं. गावात साधारणपणे मालमत्ता हस्तांतरण कायदा बघितला जातो, त्यातही मालकाची जी दुरुस्ती आहे ती कळवूनही त्याने केली नाही तर करून खर्च वळता करायची सोय आहे. पण तिथे करारात काय लिहिलंय याला फार वजन, म्हणून वाचून सही करा.)

पंप आणि टाकी. पंप मालकाचा आहे, तुम्ही राहायला यायच्या आधीपासून बसवलेला आहे आणि आजीही तो वापरतात, त्यामुळे मोटर रिवाइंडिंगचा खर्च मालकाचा. तुमच्या चुकीने जळला असता, म्हणजे विहिरीत पाणी नसताना चालू ठेवला वगैरे, तर वेगळं. एवढा पाऊस असताना रहाटाने पाणी काढायची वेळ यावी हे मला बरं वाटत नाही, पण पंपासाठी भांडण वेगळं काढू नका, त्याच नोटिशीत एक ओळ घाला. टाकी उपसण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने पूर्ण बोलणार नाही. दोन वर्षं तुम्ही वापरताय, उपसायचा खर्च वापरणाऱ्यांनी उचलावा हे मला रास्त वाटतं, आणि टाकी सामाईक असेल तर आजींच्या अर्ध्याचा भाग मालकाने द्यावा. पण उपसल्यावर आठ दिवसांत परत भरली तर समजा की शोषखड्डा बुजलाय किंवा पावसाचं पाणी आत शिरतंय, ते बांधकामाचं काम झालं, ते मालकाकडे. नगरपरिषदेकडे मैला उपसायच्या गाडीची चौकशी करा, खाजगी माणसाला आत उतरवून कधीही साफ करून घेऊ नका, सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि आतल्या वायूने माणसं मरतात.

पडवीला पत्रे टाकायचं मिस्टरांना आत्ता थांबवा. हेतू चांगला आहे, झड आत येते, पण मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम उभारणं हे भाडे नियंत्रण कायद्यात घर खाली करून मागायचं एक कारण आहे. जो माणूस आत्ताच "खोली सोडा" म्हणतोय त्याच्या हातात तुम्ही स्वतः कारण नेऊन का द्यायचं? बांबू आणि ताडपत्रीची काढता येणारी झडप बांधा, पावसानंतर उतरवा. पत्रेच टाकायचे असतील तर परवानगी आणि पैसे कोणी द्यायचे, जाताना पत्रे कोणाचे, हे तिन्ही लिहून घ्या.

आता आजी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की तुम्ही आजींमुळे गप्प बसलायत. मी हे खूप ठिकाणी बघते, मालक मुंबईत, घरात म्हातारी आई किंवा काकी, ती संध्याकाळी वाटीभर कुळथाचं पिठलं नाहीतर दोन सोलं आणून देते, आणि मग भाडेकरूला वाटतं या माउलीच्या घराबद्दल कशी तक्रार करायची. आजींची माया खरी आहे, तुम्हीही त्यांच्यासाठी करत असालच, तो व्यवहार वेगळा ठेवा. आजींकडे तक्रार नेऊ नका, त्यांच्याकडे पैसे मागू नका, त्यांच्यामार्फत मुलाला निरोप पाठवू नका, कारण मग मुलाला वाटतं तुम्ही आईला पढवताय आणि आईला वाटतं आपल्यामुळे घरात भांडण लागलं. पण नोटीस पाठवायच्या आधी त्यांच्या ओटीवर जाऊन एकदा सांगा, की आजी, मी दादांना छपराबद्दल पत्र पाठवतेय, राग म्हणून नाही, तुमच्या बाजूचे वासेपण बघून घ्यायला हवेत. त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. आणि त्यांच्या खोलीतला स्विचबोर्डही वायरमनला दाखवा, वायरिंग एकच असणार.

आणि गणपती येतायत. डोंबिवलीचा चाकरमानी एरवी नाही आला तरी गणपतीला घरी येतोच. नोटीस त्याआधी पोचलेली असू दे, आणि पूजा-आरती, पाहुणे आटोपले की निवांत वेळ बघून त्यांना आतल्या खोलीत नेऊन भिंत दाखवा, वासा बोटाने दाबून दाखवा, मिस्त्रीलाही त्याच वेळी बोलवा. फोनवर "बघतो" म्हणणारा माणूस कुजका वासा हाताला लागला की वेगळं बोलतो. तिथेच ठरवा काम कुठल्या महिन्यात, किती दिवस, तेवढे दिवस तुम्ही कुठे राहणार (दुसऱ्या खोलीत भागेल का ते बघा), आणि त्या काळात भाड्यात सूट किती. ठरलेलं त्याच रात्री मेसेजवर टाका.

हे वाचणाऱ्या मुंबई-ठाण्यातल्या घरमालकांनाही दोन शब्द सांगायचेत. गावचं घर भाड्याने दिलंत, ते चांगलं केलंत, बंद घर आपल्या हवेत तीन पावसाळे टिकत नाही, भाडेकरू चूल पेटवतो, दिवा लावतो, झाडझूड करतो म्हणून तुमच्या भिंती उभ्या आहेत. मग त्या सहा हजारांतले हजार-बाराशे दर महिन्याला आगोटीपूर्वीच्या कामासाठी बाजूला काढा आणि एप्रिलमध्ये एकदा येऊन छप्पर बघून जा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात आणि वर श्रीवर्धनकडे ज्यांचे वासे आधीच कुजलेले होते त्यांची छपरं आधी गेली. भाडेकरूचा मेमधला फोन म्हणजे कटकट नाही, तो तुमचे पैसे वाचवतोय. आणि घर बघायला यायचं तर आधी कळवून, वाजवी वेळी या, तुमचंच घर असलं तरी तिथे आज दुसरं कुटुंब राहतंय.

"खोली सोडा" या धमकीचं काय, तर करार चालू असेपर्यंत दुरुस्ती मागितली म्हणून कोणी तुम्हाला रातोरात बाहेर काढू शकत नाही. पाणी किंवा लाईट तोडणं, विहिरीवर जाऊ न देणं, हे तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे, तसं काही झालं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. पण करार संपला की लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला थांबायचा हक्क फारसा उरत नाही, हेही खरं, त्यामुळे तुमच्या कराराची शेवटची तारीख आज बघा आणि घर बदलायचं की नाही याचा विचार त्या हिशोबाने करा. छप्पर झालं नाही तर पुढचा पावसाळा त्या खोलीत काढू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सोडायची वेळ आली तर डिपॉझिटमधून ओल, बुरशी, फुगलेला गिलावा यांचे पैसे कापू देऊ नका, आत्ता काढलेले फोटो त्यासाठीच. नवीन घर घ्याल तेव्हा करार रजिस्टर करा, त्यात छप्पर, वायरिंग, पंप, टाकी यांची नावं घालून कोणाकडे काय ते लिहा, आणि शक्य असेल तर भर पावसात घर बघायला जा.

मालकांनी नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा, तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नाही. कोर्टात दावा न टाकता आधी दोघांना बोलवून समेट करून द्यायची सोयही तिथे आहे आणि तुमच्यासारख्या प्रकरणात मला तीच सगळ्यात योग्य वाटते, फोनवर आधी विचारायचं असेल तर 15100. जाताना कराराची झेरॉक्स, भाडं भरल्याचे पुरावे, नोटीस आणि पोस्टाची पावती, मिस्त्रीचा अंदाज, वायरमनचं बिल आणि फोटोंचे प्रिंट घेऊन जा, मोबाईलमधले फोटो तिथे कोणी नीट बघत नाही.